पिन-ट्रेडिंग : डिस्ने उद्यानांतील पिनांची अदलाबदल आणि लहान मुले

डिस्नेच्या मनोरंजन-उद्यानांत धातूच्या छोट्या, रंगीत पिना एकमेकांशी बदलून जमवण्याचा छंद. आपल्याजवळची एक पिन द्यायची आणि समोरच्याजवळची आवडलेली एक घ्यायची, एवढाच त्याचा गाभा. समोरचा कधी उद्यानाचा कर्मचारी असतो, कधी आपल्यासारखाच पाहुणा. मोठ्या संग्राहकाला दोन्हीकडे सारखाच रस असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र पहिल्या प्रकारातच ठेवावे, कारण दुसरा प्रकार हा खरे तर बाजार आहे.

पिना अदलाबदल करण्याची रीत डिस्नेने ऑलिंपिकवरून उचलली. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले लावले जात. पुढे देशोदेशींचे संघ धातूचे बिल्ले घेऊन येऊ लागले आणि खेळाडू ते एकमेकांना देऊ लागले. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकपासून प्रेक्षकही यात हिरिरीने उतरले. १९८८ मध्ये कॅलगरीला कोका-कोला कंपनीने अदलाबदलीसाठी स्वतंत्र केंद्रच उघडले. डिस्नेच्या दुकानांत पिना त्याआधीपासून विकल्या जात होत्याच. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये नव्या सहस्रकाचा सोहळा सुरू झाला तेव्हा, ऑक्टोबर १९९९ मध्ये, त्यांना अदलाबदलीची जोड मिळाली. पुढच्या वर्षी हा प्रकार कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये गेला, नंतर पॅरिसला. हाँगकाँगचे उद्यान २००५ मध्ये आणि शांघायचे २०१६ मध्ये उघडले, तिथेही तो रुळला. कंपनीच्या प्रवासी जहाजांवरही पिना बदलल्या जातात. अपवाद टोकियोचा. तिथे हा उपक्रम सुरू होऊन थोड्याच वर्षांत बंद करण्यात आला.

पिन म्हणजे साधारण दीड-दोन इंचांचा धातूचा तुकडा. साच्यात ठोकून त्यावर आकृतीच्या कडा उठवतात, कडांमधल्या खळग्यांत रंग भरतात आणि भाजून पक्का करतात. पाठीमागे एक टोकदार काटा असतो आणि त्यावर रबराची टोपी बसते. डिस्नेच्या पिनांची ही टोपी मिकीच्या डोक्याच्या आकाराची असते. साध्या पिनांखेरीज लोंबता भाग असलेल्या, फिरणाऱ्या, सरकणाऱ्या, बिजागरीने उघडणाऱ्या पिनाही निघतात आणि मुलांचे डोळे आधी तिकडेच जातात. ज्या पिना मागणीप्रमाणे पुन्हा पुन्हा काढल्या जातात त्या ‘ओपन एडिशन’. ज्यांची संख्या आधीच ठरवलेली असते त्या ‘लिमिटेड एडिशन’; त्यांच्या पाठीवर ती संख्या कोरलेली असते. दुकानातली साधी पिन साधारण दहा ते वीस डॉलरांना पडते. नातवंडांबरोबर गेलेले आजी-आजोबा मनातल्या मनात त्याचे रुपये करतात आणि गप्प बसतात.

उद्यानातल्या सर्व कर्मचाऱ्यांना डिस्नेच्या भाषेत ‘कास्ट मेंबर’ म्हणतात. त्यांच्यापैकी काहींच्या गळ्यात पिना टोचलेला पट्टा असतो. त्याला सगळे लॅनयार्डच म्हणतात. काही दुकानांत आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत पिनांचा बोर्ड ठेवलेला असतो. तो कधी गल्ल्याखालून मागून घ्यावा लागतो. मुलाने जवळ जाऊन ‘तुमच्या पिना बघू का?’ असे विचारायचे, हवी ती बोटाने दाखवायची आणि आपली द्यायची. समोर धरलेली पिन नियमात बसत असेल, तर कास्ट मेंबर तिला नाही म्हणत नाही. तुझी पिन जुनी आहे, माझी महाग आहे, ही कुरकुर इथे नसते. पिनेला पिन, हिशेब पूर्ण. चार वर्षांच्या मुलीला सिंड्रेलापेक्षा पिवळा बदक जास्त मोलाचा वाटला, तर त्या व्यवहारात तिचेच खरे. पैशाची किंमत न कळणाऱ्या वयाला याहून सोयीचा सौदा सापडणे कठीण, आणि हा छंद लहान मुलांत इतका रुजला तो याच सोयीमुळे.

नियम थोडेच आहेत. पिन धातूची आणि डिस्नेची हवी, पाठीवर कंपनीच्या स्वामित्वहक्काचा ठसा हवा. ती मोडकी नसावी. प्लास्टिकचे किंवा रबराचे बिल्ले चालत नाहीत. एका वेळी एकच पिन, हातातून हातात, मागची टोपी लावून द्यायची. एका कास्ट मेंबरबरोबर दिवसाला जास्तीत जास्त दोन अदलाबदली. त्याच्या पट्ट्यावर जी पिन आधीच आहे, तशीच दुसरी त्याला देता येत नाही. अदलाबदलीत पैसे किंवा भेटवस्तू आणायची नाही. आणि दुसऱ्याच्या पट्ट्याला वा पिनांना हात लावायचा नाही. नीट दिसत नसेल तर जवळ आणून दाखवायला सांगायचे. मुलांना सर्वांत अवघड जातो तो हा शेवटचा नियम. घरून निघण्यापूर्वी आई-बाबांच्या गळ्यात पट्टा अडकवून एक-दोनदा खोटाखोटा सौदा करून पाहिला की तो अंगवळणी पडतो. बुजऱ्या मुलाच्या तोंडी ते एक वाक्यही तेव्हाच बसते. बरेच कास्ट मेंबर मुलाला पिना दिसाव्यात म्हणून गुडघ्यावर बसतात, त्यामुळे निम्मा बुजरेपणा तिथेच जातो. फ्लोरिडात काही काळ हिरवट-निळे पट्टे घातलेले कास्ट मेंबर फक्त बारा वर्षांपर्यंतच्या मुलांशीच पिना बदलत. मोठ्यांच्या गर्दीत मुले मागे पडू नयेत म्हणून काढलेली ही चांगली युक्ती होती.

ज्या पिना मुळात विकल्याच जात नाहीत, त्यांचे मुलांना विशेष आकर्षण. २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून डिस्ने अशा पिना फक्त कास्ट मेंबरांच्या पट्ट्यांवर सोडत आले आहे. बरीच वर्षे त्यांच्यावर कुठेतरी मिकीच्या डोक्याची बारीक खूण असे, म्हणून त्या ‘हिडन मिकी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. एका मालिकेत अनेक पिना असतात आणि संच पुरा करायला उद्यानभर हिंडावे लागते. रांगेत कंटाळलेल्या मुलाला ‘पुढच्या दुकानात बघू’ असे सांगण्यासारखे काहीतरी आई-बापांना आयते मिळते.

मुलाला यात उतरवताना पहिला प्रश्न वयाचा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती पिन देऊ नये. काटा टोचतो आणि रबरी टोपी सहज तोंडात जाते. चार-पाचव्या वर्षी मूल अदलाबदल समजू शकते, पण गेलेली वस्तू परत येणार नाही हे त्याला प्रत्येक वेळी उमगतेच असे नाही. म्हणून अनुभवी पालक पिनांचे आधीच दोन भाग करतात : ठेवायच्या आणि द्यायच्या. ठेवायच्या पिना पट्ट्यावर येतच नाहीत, त्या खोलीत किंवा आईच्या पिशवीत राहतात. पट्ट्यावर फक्त द्यायच्या. आजीने घेऊन दिलेली पिन भर दुपारी, झोप अनावर झालेली असताना, कुणाच्या तरी पट्ट्यावर गेली आणि संध्याकाळी रडारड झाली, असे प्रसंग या एका वाटणीने बहुतेक टळतात.

पट्टा निवडताना मानेला ओढ बसताच सुटणारी कडी असलेला घ्यावा, आणि पाळण्यात किंवा घसरगुंडीवर जाताना तो काढून ठेवावा. दहा-बारा पिनांचे ओझे लहान मानेला दिवसभर झेपत नाही. पाच-सहा पुरेत, बाकीच्या पिशवीत. कमरेची छोटी पिशवीही चालते, फक्त मग कास्ट मेंबरला आपण होऊन विचारावे लागते. रबरी टोप्या चालताना निघतात आणि पिन कुठे पडली ते कळतही नाही. ज्या पिना बदलायच्या नाहीत, त्यांना किल्लीने घट्ट होणाऱ्या धातूच्या टोप्या लावतात. बदलायच्या पिनांना त्या लावू नयेत. पाच वर्षांच्या मुलामागे रांग खोळंबलेली असताना किल्ली शोधणे कुणालाच नको असते.

सुरुवातीच्या पिना आणायच्या कुठून, हा दुसरा प्रश्न, आणि इथे गोष्ट बिनसते. उद्यानातला ‘स्टार्टर सेट’, म्हणजे पट्टा आणि थोड्या पिना, महाग पडतो. बाहेर, लिलावाच्या संकेतस्थळांवर, पिनांचे गठ्ठे अगदी स्वस्तात मिळतात. मुलाने पिना देऊनच टाकायच्या आहेत तर स्वस्त का घेऊ नयेत, हा पालकांचा विचार वरवर पटण्याजोगा आहे. पण त्या गठ्ठ्यांत भरपूर नकली माल असतो. संग्राहक त्याला ‘स्क्रॅपर’ म्हणतात. काही पिना कारखान्यात नापास झालेल्या, काही मागणीपेक्षा जास्त काढून मागच्या दाराने विकलेल्या, तर काही नकली साच्यांतून ठोकलेल्या. त्यांच्या कडा खरबरीत असतात, रंग फिका किंवा चुकीचा असतो, मुलाम्यात खड्डे पडलेले असतात, वजन हलके लागते. अलीकडच्या बऱ्याच अस्सल पिनांच्या पाठीवर मिकीच्या छोट्या डोक्यांची नक्षी असते. नकली पिनेवर ती पुसट उमटते किंवा कडेपर्यंत पोचण्याआधीच थांबते. मात्र जुन्या अस्सल पिनांवर ही नक्षी नसते, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

गर्दीच्या वेळी कास्ट मेंबर प्रत्येक पिन उलटून-पालटून पाहू शकत नाही. ठसा दिसला की तो ती घेतो. परिणामी पट्टे आणि बोर्ड नकली पिनांनी भरत जातात, आणि दुकानातून पंधरा डॉलरांची नवी पिन घेऊन आलेल्या मुलाला बदल्यात काही पैशांचा पत्रा मिळतो. स्वस्त गठ्ठा घेणाऱ्या पालकाचे पैसे वाचतात, ते दुसऱ्या एखाद्या मुलाच्या खिशातून. अनेक पालक याकडे काणाडोळा करतात. मुलाला फरक कळत नाही, मग बिघडले काय, असे विचारतात. मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की त्याला फरक कळतो, आणि मग जुना पट्टा काढून तो एकेक पिन उलटी करून बघू लागतो. अस्सल पिना कमी खर्चात हव्या असतील, तर ओळखीच्या कुटुंबाकडून त्यांच्याकडच्या जादा पिना घेणे हा बरा मार्ग. अमेरिकेतल्या मराठी घरांत, मुले मोठी झाल्यावर, अशा पिनांचा डबा बऱ्याचदा माळ्यावर पडून असतो.

पाहुण्यांमधली अदलाबदल वेगळ्या चालीची. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये फ्रंटियरलँड भागात वेस्टवर्ड हो हे पिनांचे दुकान आहे, आणि त्याच्या आसपास मुरलेले संग्राहक पिना टोचलेल्या जाडजूड वह्या उघडून बसत आले आहेत. फ्लोरिडात एपकॉट या डिस्नेच्या उद्यानातल्या ‘स्पेसशिप अर्थ’ या प्रचंड गोलाजवळ बरीच वर्षे पिनांचा मुख्य ठेला होता. या मंडळींना कुठली पिन किती निघाली, कुठल्या साली निघाली हे तोंडपाठ असते. हॉलिवूडमध्ये एल कॅपिटन चित्रपटगृहाशेजारच्या सोडा फाउंटनमध्ये आइस्क्रीमबरोबर मर्यादित संख्येच्या पिना दिल्या जात, आणि त्या पिनांवर मोठे लोक लहान मुलांपेक्षा जास्त जीव टाकत. अशा टेबलाशी दोन्ही बाजूंना होकाराचा आणि नकाराचा हक्क असतो. एकास एक हे गणित इथे बंधनकारक नाही. एका दुर्मीळ पिनेसाठी चार साध्याही मागितल्या जातात. बहुतेक संग्राहक मुलांशी सांभाळून वागतात, काहीजण तर एखादी पिन नुसतीच देऊन टाकतात. पण मुलाच्या पट्ट्यावरची दुर्मीळ पिन हेरून तिच्या बदल्यात चकचकीत साधी पिन पुढे करणारेही असतात, आणि त्यांना ‘शार्क’ असे नाव पडले आहे. मुलाने अशा टेबलाशी जाऊ नये असे नाही, जाताना घरचे मोठे माणूस शेजारी हवे. ‘नको, धन्यवाद’ म्हणता येऊ लागले की मूल त्या टेबलाशी बसण्याजोगे झाले असे समजावे.

याच्या नेमके उलटे चित्र पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला दिसते. तिथल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या जागतिक स्पर्धेत संघांच्या पिना बदलण्याची मोठी परंपरा आहे. तिथे देणारा आणि घेणारा दोघेही अनेकदा मुलेच असतात. कुणी कुणाला भाव समजावत बसत नाही, आणि दोघेही तितकेच चिवट.

भारतातून जाणाऱ्या मराठी कुटुंबांची या छंदाशी गाठ बहुधा हाँगकाँगच्या सहलीत पडते. तिथल्या डिस्नेलँडला सहलीच्या कार्यक्रमात एकच दिवस असतो, त्यामुळे मुलाने पिना मागण्याआधीच तो संपत येतो. पिन-ट्रेडिंग करायचेच असेल, तर स्टार्टर सेट आत शिरल्यावर पहिल्याच दुकानात घ्यावा. संध्याकाळी आतषबाजीनंतर घेतलेला सेट तसाच घरी येतो. दोघे भाऊ-बहीण असतील तर पट्टे दोन घ्यावेत, पिना मात्र आधीच वाटून द्याव्यात, कारण ‘एकाच्या पट्ट्यावरची दुसऱ्याने दिली’ हे भांडण विमानापर्यंत चालते. मुलाला एखादा छोटा विषय ठरवून द्यावा : फक्त मांजरी, फक्त हिरव्या पिना किंवा फक्त खाण्याच्या वस्तू. दिवसभरात चार-पाचच अदलाबदली झाल्या तरी त्यातून एक ओळ तयार होते, आणि कास्ट मेंबरही ‘मांजर हवी का?’ म्हणून आपला पट्टा उलटसुलट करून शोधू लागतात.