गेम इंजिनात कन्स्ट्रक्टर रिकामा का ठेवावा लागतो?

लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांत जावा किंवा सी प्लस प्लस शिकलेली मुलं गेम इंजिनाकडे (युनिटी, अनरियल, गोडो यांसारख्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरकडे) वळली की एका जागी हमखास अडतात. समजा, देवगिरी किल्ल्याचा गेम करायचाय आणि प्रत्येक तोफेचा पल्ला व गोळे वेगळे. ‘तोफ’ क्लासच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनला) दोन पॅरामीटर दिले, तर इंजिन ते मानत नाही.

ऑब्जेक्ट बनतानाच व्हॅल्यू देण्याची सोय जुनी आहे. सिम्युला 67 मध्ये क्लासलाच पॅरामीटर असत. त्या भाषेवरून प्रेरणा घेत बियार्न स्ट्राउस्ट्रप यांनी 1979 मध्ये जे काम सुरू केलं, त्यातून सी प्लस प्लस आली. पण तिथे ऑब्जेक्ट प्रोग्रामर बनवतो. इंजिनात बहुतेक वेळा तो फाइल वाचणारा लोडर बनवतो. सीनच्या (गेममधल्या वस्तूंच्या मांडणीच्या) फाइलीत क्लास आणि प्रॉपर्टींच्या व्हॅल्यू असतात, कन्स्ट्रक्टरला काय द्यायचं हे नसतं. म्हणून लोडर आधी कोरा ऑब्जेक्ट बनवतो, नंतर तो भरतो.

युनिटीने (2005) मोनोबिहेवियरसाठी (वस्तूंना जोडायच्या स्क्रिप्टच्या मूळ क्लाससाठी) ‘न्यू’ची वाटच बंद ठेवली. स्क्रिप्ट जोडणारं ‘ॲड कंपोनंट’ फक्त टाइप घेतं, आणि गेम ऑब्जेक्ट चालू असेल तर ते परत येण्याआधीच स्क्रिप्टमधलं पहिलं फंक्शन ‘अवेक’ चालून जातं. त्यामुळे मागाहून दिलेली व्हॅल्यू नंतर चालणाऱ्या ‘स्टार्ट’मध्ये मिळते, ‘अवेक’मध्ये नाही. अनरियलचा कन्स्ट्रक्टर तर क्लासचा डीफॉल्ट नमुना घडवायलाही चालतो; तेव्हा गेमचं वर्ल्डच नसतं, त्याला हात लावला की क्रॅश. तिथे ‘स्पॉन ॲक्टर डिफर्ड’ (वस्तू अर्धवट बनवून थांबणं), मग व्हॅल्यू, मग ‘फिनिश स्पॉनिंग’ (बनवणं पूर्ण करणं) हा क्रम.

2014 मध्ये ओपन सोर्स झालेल्या गोडोचा घोटाळा जास्त फसवा, कारण तिथे अर्धं चालतं. स्क्रिप्टवर ‘न्यू’ केलं तर ‘इनिट’ला (गोडोच्या कन्स्ट्रक्टरला) पॅरामीटर पोचतात, साठवलेल्या सीनमधून वस्तू बनवली, म्हणजे ‘इन्स्टँशिएट’ केला, तर पोचत नाहीत. पॅरामीटर सक्तीचे असतील तर तिथेच एरर. डीफॉल्ट दिले की एरर जाते, पण सीनमध्ये साठवलेल्या एक्सपोर्ट (एडिटरमधून भरता येणाऱ्या) व्हॅल्यू ‘इनिट’नंतर बसतात आणि तिथलं लिहिलेलं पुसतात. कस्टम रिसोर्सलाही (आपण बनवलेल्या डेटाच्या क्लासलाही) डीफॉल्ट हवेतच, नाहीतर इन्स्पेक्टरमधून (एडिटरमधल्या प्रॉपर्टींच्या पट्टीतून) तो बनवता येत नाही.

गोडोत चालणारा क्रम असा: इन्स्टँशिएट, मग पल्ला आणि गोळे, मग ‘ॲड चाइल्ड’ (वस्तू गेममध्ये जोडणं). क्रम उलटला तर जोडताच चालणारं ‘रेडी’ जुन्याच व्हॅल्यूंवर चालून गेलेलं असतं. हे सगळं क्लासवरच्या एका स्टॅटिक फंक्शनमध्ये बांधलं की कन्स्ट्रक्टरसारखंच वापरता येतं. फक्त त्यात ‘ऑनरेडी’ व्हेरिएबलला (‘रेडी’च्या वेळी भरल्या जाणाऱ्या) हात लावू नये. ‘ॲड चाइल्ड’ होईपर्यंत ते नल (रिकामं) असतं.