वर्कशॉपात अप्रेंटिस ठेवायचाय? कागद आम्ही बघतो, शिकवायचं तुम्ही

म्हापसा, थिवी, डिचोलीकडच्या आमच्या गॅरेजवाल्या, फॅब्रिकेशनवाल्या, एसी रिपेअरवाल्या ग्राहकांसाठी हे लिहिलंय. तुमचे पगाराचे, पीएफचे कागद आम्ही बघतोच आणि हल्ली दर दुसरा माणूस विचारतो, पोरगा मिळत नाही हो कामाला, अप्रेंटिस घेतला तर चालेल का. चालेल, नक्की घ्या, पण तो स्वस्तातला कामगार नव्हे हे आधी डोक्यात ठेवा.

अप्रेंटिस कायदा 1961 चा. कंत्राटी धरून 30 किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, 4 ते 29 असतील तर तुमची मर्जी. बहुतेक आमचे ग्राहक ह्या दुसऱ्या गटातले. कायद्याने तो शिकाऊ, कामगार नाही, म्हणून त्याचा पीएफ, ईएसआय भरावा लागत नाही, पण काम करताना त्याला लागलं तर भरपाई तुमच्यावर येते, तेव्हा गॉगल, ग्लोव्हज, बूट पहिल्या दिवशीच द्या. ओव्हरटाइम परवानगीशिवाय करून घेता येत नाही, गणेश चवथीच्या आधी कितीही गर्दी असू दे.

पैशाचं सांगतो. 2019 च्या नियमांत आयटीआय पास झालेल्याला महिना कमीत कमी 7000 रुपये स्टायपेंड, म्हणजे शिकतानाचा भत्ता, ठरला होता, दुसऱ्या वर्षी 10 टक्के वाढ. करार करायच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर चालू आकडा बघायचाच. केंद्राच्या नॅप्स (अप्रेंटिसशिपला उत्तेजन देणाऱ्या) योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के भाग, जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार थेट पोराच्या खात्यात घालतं, म्हणजे 7000 धरले तर त्यातले 5500 तुमचे. त्याचं खातं आधारशी जोडलेलं नसेल तर हे पैसे अडकतात, म्हणून ते आधी बघा. महिन्याचा स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत द्यायचा.

आमचा सल्ला, छोट्या वर्कशॉपने आयटीआय झालेलाच घ्यावा, मुलगा असो की मुलगी. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन अशा ठरलेल्या ट्रेडमध्ये अगदी नव्याला आधी बेसिक ट्रेनिंग द्यावं लागतं, आयटीआयवाल्याचं ते झालेलं असतं. म्हापसा, डिचोली, फर्मागुडीच्या आयटीआयत जाऊन मास्तरांना सरळ भेटा, कुठलं पोर हातानं चांगलं ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

आता खरं काम, शिकवायचं. आमच्या एका ग्राहकाकडे पोराला तीन महिने चहा आणायला आणि झाडू मारायला लावलं, चौथ्या महिन्यात तो यायचाच बंद झाला आणि मालक म्हणतो हल्लीच्या पोरांना काम नको. आम्हाला फार वाईट वाटलं, कारण तो मुलगा खरंच शिकायला आला होता. उलट थिवीच्या एका वेल्डिंगच्या शेडमधे बघितलं, मेस्त (मिस्त्री) रोज सकाळी अर्धा तास फक्त भंगारातल्या पट्टीवर खडूची रेघ मारून देतो, पोरगा त्या रेघेवर वेल्डिंगचा रॉड चालवतो, मेस्त बघतसुद्धा नाही, पाठमोरा उभा राहून ऐकतो. तेलात बांगडा तळताना येतो तसा सलग चरचर आवाज आला तर हात बरोबर, मधेच फटफट झाली की रॉड लांब गेला. मग हातोडीनं स्लॅग, म्हणजे जोडावर बसलेला कडक थर, उडवून दोघं वाकून बघतात, भोक कुठं राहिलं, कडा कुठं खाल्ली. दीड महिन्यानं त्याला ग्रीलचे टाके मारायला दिले, पुरा जोड नंतर. रोज चार-पाच रॉड जातात, तेवढा खर्च धराच.

एकाच माणसाला शिकवायची जबाबदारी द्या, सगळ्यांनी हाका मारल्या तर पोर फक्त पळत राहतं. आज काय शिकला ते रोज वहीत दोन ओळी त्यानंच लिहायचं, शेवटी परीक्षा असते आणि पास झाला की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, तेव्हा ही वही फार उपयोगी पडते. नंतर नोकरी द्यायची कायद्यानं सक्ती नाही, पण देणार असाल तर तसं त्याला आधीच सांगा.

पोर्टलवर रजिस्ट्रेशन आणि कराराचं काम आम्ही करून देतो. येताना तुमचा पॅन, जीएसटी, बँकेचे डिटेल्स आणि माणसांची यादी आणा, पोराचं आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट, पासबुक आणा, आणि तो 18 च्या खाली असेल तर आई नाहीतर बाबा सहीला सोबत हवेत.