कानातल्या सुईने उलटी कशी थांबेल?

नागपुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘मुलांच्या उलट्यांवर अमेरिकेत आता कानाला सुया टोचतात. आपल्या पूर्वजांनी कर्णवेध उगाच सांगितला नव्हता!’ यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. दुसरं का टिकत नाही, ते कानाचा नकाशा पाहिला की कळतं. पण आधी आजार.

त्याचं नाव सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८२ मध्ये त्याचं नेटकं वर्णन केलं. लेकरू रात्री धडधाकट झोपतं आणि पहाटे उठून ओकायला लागतं. भर झटक्यात तासाला चारदा, कधी त्याहून जास्त. हे काही तास किंवा काही दिवस चालतं, मग आपोआप थांबतं. पुढचे कित्येक आठवडे मूल ठणठणीत, आणि मग पुन्हा तोच खेळ, बहुधा त्याच वेळी, त्याच क्रमाने. सोनोग्राफी स्वच्छ, रक्ततपासणी ठीक. घरात बऱ्याचदा आईला किंवा मावशीला अर्धशिशी असते, कारण हा आजार अर्धशिशीचाच जवळचा नातलग मानला जातो. झटक्याला निमित्त पुरतं: सर्दीताप, जागरण, उपाशी पोट किंवा चक्क आनंद. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवून झोपलेलं पोर पहाटे ओकायला लागलं, की घरचे म्हणणार, नजर लागली. मीठ-मिरच्या उतरवल्या जातात, झटका आपल्या वेळेने ओसरतो आणि श्रेय मिरच्यांना जातं. आपोआप थांबणाऱ्या आजारात कुठलाही उपाय असाच यशस्वी दिसतो. हे पुढेही लागणार आहे.

आता माझ्या आवडीचा भाग. उलटी पोटातून येते, पण पोट ती करत नाही. लहान आतड्याच्या मध्यापासून एक जोरदार उलटी लाट जठराकडे धावते, जठर सैल पडतं, श्वासनलिकेचं दार बंद होतं आणि मग श्वासपटल व पोटाचे स्नायू जठराला दोन्ही बाजूंनी दाबतात. जठर बिचारं पिशवीसारखं पिळलं जातं. एवढी शिस्त घडवून आणतो मेंदूचा सर्वांत खालचा भाग, लंबमज्जा. तिथे ‘न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटॅरियस’ नावाचा पेशींचा पुंजका आहे. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन लाइन भेटतात, तशा इथे कितीतरी लाइन भेटतात. पहिली आतड्यातून येते. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी विषारी किंवा त्रासदायक पदार्थ जाणवला की सेरोटोनिन सोडतात, ते पोट आणि मेंदू जोडणाऱ्या व्हेगस नसेच्या टोकांवरच्या ५-एचटी-३ या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं आणि निरोप वर जातो. ऑन्डॅन्सेट्रॉन ही उलटीवरची गोळी हेच ग्राही अडवते. दुसरी लाइन शेजारच्या ‘एरिया पोस्ट्रेमा’ची. मेंदूला रक्तातल्या रसायनांपासून वाचवणारा अडसर तिथे जवळजवळ नसतो, त्यामुळे तो भाग रक्त थेट ‘चाखतो’. तिसरी आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागातून (बस लागते ती हिच्यामुळे), आणि चौथी भीती-उत्साह हाताळणाऱ्या अमिग्डालासारख्या भागांतून.

व्हेगसबद्दल एक गैरसमज: ती मेंदूचे हुकूम पोटाला पोचवते एवढंच आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू उलट दिशेने, पोटाकडून मेंदूकडे बातम्या नेतात. हे सगळं अभ्यासायला प्रयोगशाळेतला लाडका उंदीर कुचकामी, कारण त्याला ओकताच येत नाही. रात्री आपल्या घरात भिंतीच्या कडेने पळणारी चिचुंद्री मात्र ओकते, नुसतं हलवलं तरी ओकते, आणि म्हणून जपानी संशोधकांनी तिला प्रयोगशाळेत मानाचं स्थान दिलं.

याच व्हेगसची एक बारीक फांदी कानापर्यंत येते. कान साफ करताना काहींना खोकला येतो, तो तिच्यामुळे. २००२ मध्ये जर्मनीत सात मृतदेहांचे चौदा कान तपासले गेले. कानाच्या छिद्राच्या वरच्या खोलगट भागात सगळ्याच कानांत फक्त व्हेगसची फांदी सापडली. पाळीत मात्र ती नाही, तिथे मानेतून येणारी वेगळी नस असते. कर्णवेधात सोनार टोचतो ती पाळी. तेव्हा पूर्वजांना व्हेगस ठाऊक होती असं म्हणायचं, तर त्यांनी भोक चुकीच्या जागी पाडलं असंही म्हणावं लागेल. कान धरून काढायच्या उठाबशांचंही तेच, तिथेही धरतात ती पाळीच.

अमेरिकेत मुलांच्या कानाला लावतात ते उपकरण साधं आहे. कानामागे चिकटवलेली छोटी बॅटरी, तिच्यातून निघालेल्या तारा आणि टोकांना सुमारे २ मिलिमीटरच्या सुया. कानामागून प्रकाश पाडून रक्तवाहिन्या टाळत त्या बसवतात. ३.२ व्होल्टचे हलके स्पंद, दोन तास चालू, दोन तास बंद, असं पाच दिवस. एकट्या व्हेगसला नव्हे, तर कानात येणाऱ्या इतर मस्तिष्क नसांनाही ते छेडतं. हे संकेत त्याच पुंजक्यात पोचतात. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा उत्तेजनाने अमिग्डालातल्या पेशींचा गोंगाट कमी झालेला दिसला, पण तिथे प्रश्न वेदनेचा होता, उलटीचा नव्हे.

किशोरांच्या पोटदुखीवर अमेरिकेतल्या मिल्वॉकीत या उपकरणाची ११५ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही मुलांना वीज नसलेलं खोटं उपकरण लावलं होतं, आणि खऱ्याचा गुण अधिक दिसला. २०१९ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने ११ ते १८ वयाच्या मुलांच्या आतड्याच्या दुखण्यासाठी त्याला परवानगी दिली. उलट्यांवरची चाचणी २०२३ ची. औषधांना दाद न देणारी ८ ते १८ वर्षांची ३० मुलं, सहा आठवडे उपचार. काही महिन्यांनंतर त्यांतल्या ८० टक्के मुलांचे झटके संख्येने किंवा लांबीने निम्म्यावर आले होते. आकडा घवघवीत आहे, पण या चाचणीत खोट्या उपकरणाचा गट नव्हता. म्हणजे मिरच्यांवर घेतलेली शंका इथेही घ्यावी लागते, फरक एवढाच की इथे ती तपासता येते आणि तपासणाऱ्यांना ती घेतलेली चालते.

धंतोली-रामदासपेठेत कुणी ‘व्हेगस थेरपी’ची पाटी लावली, तर खोट्या उपकरणाशी तुलना झाली का, हे आधी विचारा. नेहमीचा उपचार अजून जुनाच आहे: झटके येऊ नयेत म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांना बहुधा सायप्रोहेप्टाडीन, मोठ्यांना अमिट्रिप्टिलीन, झटक्यात ऑन्डॅन्सेट्रॉन आणि सलाईन. मे महिन्याच्या उन्हात सलाईनला उशीर परवडत नाही. आणि उलटी हिरवी असेल, तर ‘पित्त झालंय’ म्हणून घरी थांबू नका. लहान मुलात हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी मेयो, मेडिकल, नागपुरातलं जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते त्याच तासाला गाठायचं आणि मुलांच्या सर्जनला दाखवायचं.