डबा तसाच परत येतो तेव्हा : आमच्या मेसच्या पालकांसाठी

नमस्कार ताई-दादा,

महिन्याचे पैसे, खाडे, सणाच्या सुट्ट्या याचा कागद तुम्हाला ॲडमिशनच्या वेळीच दिलाय, हा कागद त्याचा नाही, हा लेकरू जेवणच सोडतं त्या आजाराचा आणि त्याला डॉक्टरकडं कसं न्यायचं याचा आहे. हा जरा निवांत वाचा आणि घरी आजी-आजोबांनाही वाचून दाखवा, कारण आमचा अनुभव असा की घोडं बऱ्याचदा तिथंच अडतं.

आमच्याकडं लातुरात नीट-जेईईची लेकरं जेवतात, काही हॉलवर येऊन, काही रूमवर डबा मागवून, आणि डबे घासायला आले की कोण खातंय कोण नाही हे तुमच्याआधी आम्हाला कळतं. टेस्टच्या आठवड्यात सगळ्यांचेच डबे अर्धे येतात, त्याचं काही वाटत नाही. पण एका पोरीचा डबा अजून डोळ्यापुढं आहे. भाकरीचे तुकडे करून भाजीच्या खाली नीट दडवलेले, वरणावर पापुद्रा धरलेला, आणि काकडीच्या चकत्या तेवढ्या संपलेल्या. रोज तसंच. वर खाडे बघितले तर चतुर्थी, एकादशी, गुरुवार, सोमवार, सगळे उपवास एकाच पोरीच्या नावावर, बरं उपवासाची खिचडी पाठवली तर तीही परत.

तेव्हा आमचं चुकलं ते सांगतो. आम्ही तिला हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, आमच्या हाताला चव नाही का?" आणि संध्याकाळी तिच्या आईला परस्पर फोन लावला. आई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं डिंकाचे लाडू घेऊन हजर, रूमवर रडारड, शपथा, "माझ्या गळ्याशपथ खा". पोरीनं त्या दिवशी दोन लाडू खाल्ले आणि आठवड्यात मेस बदलली. पुढं काय झालं ते आम्हाला कळलंच नाही. त्यानंतर एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन बसलो, लई प्रश्न विचारले, त्यातलंच हे.

हे नखरे नाहीत

याला ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. जेवण मुद्दाम कमी करत जाणं, अंगावर हाडं दिसत असली तरी आपण जाड आहोत असं वाटणं, तो अ‍ॅनोरेक्सिया. एकदम खूप खाऊन मग उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं किंवा मरणाचा व्यायाम करणं, तो बुलिमिया, आणि यात वजन नॉर्मल असू शकतं त्यामुळं घरच्यांना वर्ष-वर्ष पत्ता लागत नाही. तिसरा बिंज ईटिंग, ताबा सुटून खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं. पोरांनाही होतो, फक्त तिथं सगळे म्हणतात जिमचं वेड आहे.

तुम्ही घरी काय बघाल? जेवण झालं की लगेच बाथरूम आणि नळ मोठा सोडलेला. उन्हाळ्यात लातुरातल्या उन्हात पूर्ण बाह्यांचा स्वेटशर्ट आणि हात तरी गार. केस गळणं, चक्कर, पाळी बंद होणं. गाल कानाजवळ सुजल्यासारखे, दात झिजलेले, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. आणि एक गंमत वाटेल अशी गोष्ट, स्वतः न खाणारं लेकरू दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ बघतं आणि दुसऱ्याला आग्रह करून वाढतं.

याचं कारण आम्हाला कळलं तेव्हा आमचा राग गेला. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, स्वतःहून तयार झालेल्यांना, सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं. ती चांगली समजूतदार माणसं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र खाण्याचाच विचार, काहीजण रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. म्हणजे उपासमारच डोकं फिरवते. मग अशा डोक्याशी तुम्ही वाद घालून जिंकाल कसे? "इतकी हुशार पोरगी, एवढं कळत नाही का" याला उत्तर हेच आहे, की हुशारीचा इथं काही संबंध नाही.

"मान्य कर" हा हट्ट सोडा

घरचे सगळ्यात जास्त ताकद इथं घालवतात. लेकरानं म्हणावं की हो मला आजार आहे, मग डॉक्टरकडं नेऊ. ते म्हणणार नाही. त्याला ते आजार वाटतच नाही, उलट आयुष्यात ही एकच गोष्ट आपल्या ताब्यात आहे असं वाटतं, मार्क ताब्यात नाहीत, रँक ताब्यात नाही, भाकर तेवढी ताब्यात आहे. त्यामुळं आजार कबूल करून घ्यायचाच नाही, फक्त एका वेळेपुरतं दवाखान्यात यायला "हो" म्हणून घ्यायचं. एवढं छोटं "हो" मिळतं.

ते कसं मिळवायचं, तर लेकराला स्वतःला ज्याचा त्रास होतोय ते धरा. वजन धरू नका. केस गळतात याचं तिला वाईट वाटतं, पेपरात तिसऱ्या तासाला डोकं चालत नाही, रात्री झोप नाही, गार लागतं. "माय, जेवणाचं राहू दे, तू परवा जिन्यात बसलीस ना चक्कर येऊन, तेवढं एकदा दाखवून येऊ, मी सोबत आहे, आत तू एकटी बोल डॉक्टरांशी." असं. घरातल्या एकानंच बोलायचं, ज्याचं आणि तिचं जमतं त्यानं, मग तो मामा असो की थोरली बहीण, आणि ताटावर बसलेलं असताना अजिबात नाही. गाडीवर मागं बसवून नेताना, कपडे वाळत घालताना, असं शेजारी-शेजारी असताना लेकरं बोलतात, समोर बसवून घेतलं की गप्प होतात.

नाही म्हणाली तर विषय तिथं थांबवा, चार दिवसांनी परत काढा. रडू नका म्हणत नाही आम्ही, आई आहे रडणारच, पण शपथ घालू नका. आणि खोटं बोलून नेऊ नका, "मावशीकडं चाललोय" म्हणून सायकॅट्रिस्टच्या दारात गाडी उभी केली की त्या डॉक्टरवरचा भरोसा पहिल्याच दिवशी संपला.

अजून एक, अंगावर बोलणं पूर्ण बंद, चांगलंसुद्धा. "किती वाळलीस गं" हे तिला शाबासकी वाटतं, आणि उपचार सुरू झाल्यावर "आता कशी तब्येत भरली" म्हणालात की तिला ऐकू येतं की मी जाड झाले. पाव्हण्यारावळ्यांना आधीच सांगून ठेवा, लग्नसराईत तर नक्की.

वाट बघायची नाही अशा वेळा

शुद्ध हरपली, छातीत धडधड, उलटीत रक्त, पाणीसुद्धा जात नाही, नाडी बसल्या जागी ५० च्या खाली, किंवा जगायचं नाही असं बोलणं, यातलं काहीही असेल तर मनवत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीला न्या. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, बाहेरून लेकरू ठीक दिसत असलं तरी.

आणि लाडवांचं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर गेलं तर फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून तूप-लाडू-बदाम घेऊन यायच्या आधी रक्ततपासणी, ईसीजी आणि डॉक्टर सांगतील त्या मापानं. आमच्या त्या पोरीच्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं, आम्हालाही माहीत नव्हतं.

जायचं कुठं

पहिल्यांदा साध्या फॅमिली डॉक्टरकडं किंवा बालरोगतज्ज्ञांकडं गेलात तरी चालतं, ते वजन, बीपी, नाडी, रक्त बघून पुढं पाठवतील. मानसोपचार विभाग लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, अंबाजोगाईला स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, नांदेडला आहे, संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात आहे. पुढं सायकॅट्रिस्ट, समुपदेशक, आहारतज्ज्ञ असे दोघं-तिघं मिळून बघतात. रात्री दोनला काही सुचत नसेल तर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, आणि पालकांनीही फोन करायचा असतो, लेकरानंच केला पाहिजे असं नाही.

देवाला नवस बोला, दृष्ट काढा, त्याला आमची ना नाही, आम्हीही काढतो. पण अंगारा लावून सहा महिने थांबू नका.

कमी वयाच्या मुलामुलींसाठी एक पद्धत आहे, लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलात १९८० च्या दशकात सुरू झालेली. त्यात आईवडलांनाच जेवणाची सूत्रं देतात, काय आणि किती ते मोठ्यांनी ठरवायचं, शेजारी बसून खाऊ घालायचं, आणि तब्येत सावरेल तसा हळूहळू ताबा लेकराकडं परत. सहा महिने-वर्ष लागतं. म्हणजे काय, तर कोणीतरी एकानं इथं रूम करून राहायचं नाहीतर लेकराला घरी न्यायचं. क्लास बुडेल, कदाचित वर्ष जाईल. आमच्या हॉलवर दोन-दोन, तीन-तीन ड्रॉप घेतलेली पोरं रोज जेवतात, कोणाचं काही अडलं नाही.

"फाईलवर शिक्का बसेल, लग्नाला अडचण येईल" हे तर प्रत्येक घरात निघतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची म्हणून लिहिलंय, डॉक्टर क्लासला किंवा गावात कोणाला सांगत नाहीत. त्याच कायद्यात असंही आहे की विमा कंपनीनं मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, तेव्हा पॉलिसी असेल तर आधी विचारा. लेकरू १८ च्या आतलं असेल तर कागदावर सही पालकांचीच लागते, तरी त्याला विचारून करा.

आमच्याकडून काय

डबा सलग तीन दिवस तसाच आला तर आता आम्ही आधी लेकराशी बोलतो, एकटं, स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर. मग त्याला सांगूनच तुम्हाला फोन. चोरून रिपोर्ट देत नाही, कृपा करून मागू नका. आहारतज्ज्ञांचा चार्ट आणलात तर त्याप्रमाणं वेगळा डबा करून देऊ, जादा पैसे नाहीत, फक्त अंडी-पनीर रोजचं असेल तर तेवढं वेगळं धरू. उपचारासाठी घरी गेलेल्या लेकराचे खाडे पूर्ण वजा होतील, खाड्यांच्या कागदातली दहा दिवसांची अट त्याला नाही. आणि आईवडील सोबत राहायला आले तर शेजारी बसून जेवायला हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल देतो, तिथं वाढायला मावशी येतात, त्यांना सांगून ठेवलंय की आग्रह करायचा नाही.

फोन दुपारी ३ ते ५ मध्ये करा, नंबर डब्याच्या झाकणावरचाच. त्याच्या आधी केला तर कुकरच्या शिट्ट्यांत काही ऐकू येत नाही.