खळ्यापर्यंत वायफाय: वाटेत काय उभं आहे ते आधी पाहा

खानदेशात राहतं घर एकीकडे आणि खळं दुसरीकडे, ही जुनीच मांडणी. खळ्यात गोठा, चाऱ्याची गंज, पत्र्याचं शेड आणि अलीकडे एखादी पक्की खोली. आता तिथेही नेट लागतं. गोठ्यावर कॅमेरा बसवायचा असतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला शांत जागा हवी असते. घरात फायबरचं कनेक्शन असतं, पण सत्तर-ऐंशी मीटरवरच्या खोलीत रेंज जात नाही. मग पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘जास्त अँटेनांचा मोठा राउटर घ्या’. हा सल्ला बहुतेक वेळा कामाचा नसतो. का नसतो, हे समजलं तर पैसेही वाचतात आणि कामही होतं.

आधी अंतराचा हिशेब करू. घरगुती राउटर साधारण 100 मिलिवॅट शक्तीने लहरी सोडतो. त्या सगळीकडे पसरतात, म्हणून अंतर दुप्पट झालं की हाती येणारी शक्ती चौथाई होते. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात (हा लहरींच्या वारंवारतेचा आकडा) 100 मीटरवर, मध्ये काहीही नसेल तर, मूळ शक्तीचा सुमारे दहा कोटीवा भाग पोचतो, म्हणजे जवळपास एक नॅनोवॅट, वॅटचा अब्जावा भाग. आकडा ऐकून वाटतं की संपलं सगळं. पण रेडिओच्या भाषेत हे उणे 60 डीबीएम झालं (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप, आकडा जितका खाली तितका सिग्नल दुबळा) आणि एवढ्यावर मोबाइलमध्ये व्हिडिओ आरामात चालतो. उणे 80 च्या खाली गेलं की रडारड सुरू होते. म्हणजे मोकळ्या रानात शंभर मीटर हे काही फार नाही. नुकसान होतं ते वाटेतल्या वस्तूंमुळे.

आपल्याकडच्या वस्तू बघा. धाब्याच्या जुन्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत उन्हाळ्यात आपल्याला गारवा देते, पण लहरींचा मोठा हिस्सा खाऊन टाकते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. पत्र्याची गोष्ट वेगळी आहे. धातूत या लहरी काही मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल शिरत नाहीत, आणि शेडचा पत्रा त्याच्या शेकडो पट जाड असतो. पत्रा लहर शोषत नाही, परत फेकतो. शेडच्या आत जी काही रेंज मिळते ती दारातून, खिडकीतून, पत्रा आणि भिंतीमधल्या फटीतून शिरलेली असते. दार लावलं की कॅमेरा बंद पडतो, त्यामागे हेच कारण. उलट, भाव वाढायची वाट बघत खोलीत भरून ठेवलेला कोरडा कापूस फारसा अडथळा करत नाही. त्यात बहुतेक हवाच असते.

मग राउटरची शक्ती का वाढवू नये? कारण नेट हे दोन्हीकडून चालणारं बोलणं आहे. घराच्या गच्चीवरून भोंगा लावून शेतातल्या माणसाला हाक मारली तर ती त्याला ऐकू येईल, पण त्याच्या नुसत्या तोंडाचं ‘ओ’ घरापर्यंत येणार नाही. मोबाइलचा वायफाय ट्रान्समीटर राउटरपेक्षा दुबळा असतो आणि बॅटरी वाचवायला तो आणखी हात आखडता घेतो. मोबाइलवर रेंज भरलेली दिसते आणि तरी पान उघडत नाही, त्याचं एक मोठं कारण हे एकतर्फी बोलणं आहे.

रिपीटर, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, घेणारे बहुतेक जण तो खळ्यातल्या खोलीतच लावतात, म्हणजे जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथे. रिपीटरला जेवढं ऐकू येतं तेवढंच तो पुढे सांगतो. त्याची जागा घराच्या खळ्याकडच्या खिडकीत, जिथे सिग्नल अजून ठणठणीत आहे. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. एखाद्या कॅमेऱ्यापुरतं ते चालून जातं.

कायमचं काम करायचं तर दोन्ही इमारतींवर दिशा असलेला अँटेना बसवा. बाहेर खांबावर लावायचा हा डबा, जोडणारी मंडळी त्याला सीपीई म्हणतात. घरावर एक, खळ्यावर एक, तोंडं समोरासमोर. सगळीकडे उधळली जाणारी शक्ती एका अरुंद झोतात जाते, आणि हाच अँटेना ऐकतानाही त्या दिशेचंच नीट ऐकतो. दोन्ही बाजूंना फायदा, त्यामुळे वरचा एकतर्फीपणाही संपतो. खळ्यावरच्या अँटेनाची वायर शेडच्या आत घ्यायची आणि तिथे एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं आतलं वायफाय द्यायला, जोडायचा. पत्रा वाटेतून बाद होतो. भारतात 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा 2018 मध्ये परवान्याविना वापरायला खुला झाला, त्यामुळे शक्तीची मर्यादा पाळून ही जोडणी कोणीही करू शकतो.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मात्र एक गोष्ट विसरता येत नाही: केळी. केळीच्या खांबाचं नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचं असतं, आणि पानंही रुंद, रसरशीत. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. लहरीच्या विद्युतक्षेत्राबरोबर तो सतत वळू पाहतो आणि त्या धडपडीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.4 च्या आसपास चालतो म्हणून हीच पाण्याची खास वारंवारता, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. हा परिणाम पुढे वाढतच जातो आणि 20 गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक होतो. म्हणून बागेतून आरपार जायचं तर 5 गिगाहर्ट्झ 2.4 पेक्षा लवकर हार मानतो.

हवेतल्या पावसाला मात्र उगीच दोष देऊ नये. शंभर मीटरमध्ये धो-धो पाऊस असला तरी थेंबांमुळे होणारं नुकसान नगण्य असतं. पावसात लिंक तुटते ती ओल्या पानांमुळे, पाणी शिरलेल्या कनेक्टरमुळे किंवा वीज गेल्यामुळे.

आणि नुसतं समोरचं दिसलं की झालं, असंही नाही. दोन अँटेनांमधली लहर रेघेसारखी जात नाही. तिला मध्ये फुगलेली आणि टोकांना निमुळती अशी जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. 100 मीटरसाठी, 5.8 गिगाहर्ट्झवर, मधोमध तिची त्रिज्या सुमारे 1.1 मीटर येते. निदान साठ टक्के जागा मोकळी हवी. केळी सात-आठ फूट वाढते, पानं त्याच्याही वर जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही खांब किमान चौदा-पंधरा फुटांवर न्या. मे महिन्यात मोकळं रान बघून आठ फुटांवर बसवलेली जोडणी दिवाळीपर्यंत पानांत बुडते.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. घरगुती राउटर सहसा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि पत्र्याखाली दुपारी त्याहून कितीतरी जास्त तापतं. आतला राउटर पत्र्याला लागून टांगू नका, खालच्या भिंतीवर हवेशीर जागी ठेवा.

वायर टाकायची असेल तर तांब्याची लॅन केबल 100 मीटरपर्यंत चालते, पण दोन वेगळ्या इमारतींमध्ये मी ती सुचवणार नाही. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. जवळपास वीज कोसळली की दोन्ही जमिनींच्या विद्युतदाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो या तारेतूनच वाट काढतो. खानदेशात वळवाच्या पावसात विजा काही कमी पडत नाहीत. त्यापेक्षा फायबर टाका. तो काचेचा, त्यातून वीज वाहत नाही. फक्त केबल घेताना आत पोलादी तार नसलेली मागून घ्या. 100 मीटर हवेत आपण दहा कोटीवा भाग वाचवला होता. एवढ्याच काचेत प्रकाश एक टक्काही कमी होत नाही.

केबल पुरताना काळ्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि त्या ताणात केबल तुटू शकते. नांगराच्या पल्ल्याच्या खाली, पीव्हीसी पाइपातून, थोडी ढील ठेवून टाकली तर ती वर्षानुवर्षं टिकते.

राहिली वीज. शेतीपंपाच्या लाइनला ठरावीक तासच पुरवठा असतो. पण खळ्यातला राउटर आणि अँटेना मिळून साधारण 10 वॅट घेतात, म्हणजे दिवसाला 240 वॅट-तास. 12 व्होल्ट, 40 अँपिअर-तासांची बॅटरी हे ओझं अर्धीच रिकामी होऊन दिवसभर पेलते, आणि सौर पॅनल किंवा मिळेल तेव्हाची लाइन तिला पुन्हा भरते.