सावकारीविरोधी प्रॉटेस्टंट प्रवचनांच्या आद्य मुद्रित आवृत्त्या

व्याजखोरीचा निषेध करणारी ही छापील प्रवचने सोळाव्या शतकात प्रथम जर्मनीत व नंतर इंग्लंडमध्ये निघाली. त्यांतील अनेक प्रवचने छापली गेली त्या रूपात व्यासपीठावरून कधी बोललीच गेली नव्हती.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने व्याजावरील छोटे प्रवचन १५१९ मध्ये व विस्तारित प्रवचन १५२० मध्ये छापले. दोन्ही मुळात लोकभाषेतील वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तिकाच होत्या. त्यांचा रोख ‘त्सिन्सकाउफ’ या व्यवहारावर होता. धनको रक्कम देऊन ऋणकोच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न विकत घेई. कागदावर ही खरेदी असल्याने चर्चची व्याजबंदी तिला लागू होत नसे. जमीन नेमकी ठरलेली असावी आणि पीक बुडाले तर धनकोनेही तोटा सोसावा, या अटींवर ल्यूथरने चार ते सहा टक्के चालवून घेतले. असे करार करणारे बहुतेक ख्रिस्ती होते, त्यांत चर्चच्या संस्थाही होत्या. तरीही १५२० च्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पैसे मागणाऱ्या ज्यू सावकाराचे काष्ठचित्र आहे. मजकुराशी त्याचा मेळ बसत नाही. खपाशी बसत असावा.

१५२४ मध्ये हेच मोठे प्रवचन व्यापारावरील नव्या लेखनाला जोडून पुन्हा निघाले. त्याआधी १५२३ मध्ये जर्मनीतील आयझेनाखचा धर्मोपदेशक याकोब श्ट्राउस याने व्याज देणारा ऋणकोही पापी ठरवला. ल्यूथरला ते मान्य नव्हते. १५४० च्या पुस्तिकेत मात्र तो स्वतःच कठोर झाला: व्याजखोराला पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतील पवित्र भाकर व द्राक्षारस, नाकारावे, असे त्याने बजावले. कार्ल मार्क्सने ‘भांडवल’मध्ये याच पुस्तिकेतील उतारे घेतले आहेत.

इंग्लंडमध्ये १५७१ च्या कायद्याने व्याज निषिद्धच ठेवले, पण दहा टक्क्यांपर्यंतच्या व्यवहाराला शिक्षा केवळ व्याज जप्त होण्यापुरती राहिली. धर्मोपदेशकांना हीच पळवाट खुपत होती. लंडनचा लोकप्रिय वक्ता हेन्री स्मिथ याची व्याजावरील दोन प्रवचने १५९१ मध्ये छापली गेली. ती श्रोत्याने लघुलिपीत उतरवून घेतलेली होती. टिमथी ब्राइटची लघुलिपी १५८८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. अशा प्रतींत वक्त्याचे शब्द किती व लेखनिकाचे किती, हे ठरवणे कठीण असते. धर्मोपदेशक माइल्स मॉस याने बरी सेंट एडमंड्स येथील आपली सहा प्रवचने स्वतः सुधारून १५९५ मध्ये ग्रंथरूपाने दिली. बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातील एकाच वचनावर (२८:८) ती आधारलेली आहेत.