पुट्टी की पीओपी? भिंतीला नेमकं काय लागतंय ते आधी बघा

रंगकाम काढलं की रंगारी पहिल्याच दिवशी भिंतीवरून हात फिरवतो आणि विचारतो, "ताई, नुसती पुट्टी मारायची का पीओपी करून घेताय?" आणि बहुतेक घरांत यावर उत्तर बजेट बघून दिलं जातं, म्हणजे पैसे असतील तर पीओपी, नसतील तर पुट्टी. याचं कारण कळण्यासारखं आहे, दोन्ही पांढरी पावडर, दोन्ही गोणीत येतात, दोन्ही घमेल्यात पाणी घालून कालवतात, दोन्ही वाळल्यावर भिंत पांढरी गुळगुळीत दिसते, त्यामुळे पीओपी म्हणजे पुट्टीचीच भारीतली आवृत्ती असा समज पक्का झालाय. तसं अजिबात नाहीये. दोघांचं काम वेगळं, दोघांचं पाण्याशी वागणं तर पूर्णच वेगळं, आणि आपल्याकडच्या पावसात हा दुसरा फरक जास्त महाग पडतो.

आधी ते बनतं कशापासून ते बघू, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. बाजारात जी नेहमीची गोणीतली वॉल पुट्टी मिळते (रंगारी लोक लांबी म्हणतात) ती मुळात पांढरं सिमेंट, त्यात संगमरवर किंवा डोलोमाइटसारख्या दगडाची बारीक भुकटी आणि चिकटपणासाठी थोडं पॉलिमर. सिमेंट असल्यामुळे ती पाण्याशी प्रक्रिया होऊन हळूहळू घट्ट होते आणि एकदा घट्ट झाली की पाण्यात मऊ पडत नाही. पीओपी म्हणजे जिप्सम हा खनिज दगड साधारण 150 अंशाला भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढून टाकलेली पावडर. आपल्याकडे जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं. या पावडरीत परत पाणी घातलं की दहापंधरा मिनिटांत ती पुन्हा जिप्सम होऊन बसते, म्हणूनच पीओपीवाला कारागीर कधी मोठं घमेलं भरून कालवत नाही, थोडं थोडं करतो आणि भराभर ओढतो. पुट्टी मात्र कालवल्यावर दोनतीन तास वापरता येते.

आता काम. पुट्टी खरखरीतपणा घालवते, पीओपी वाकडेपणा घालवतं. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धे पैसे वाचतात.

पुट्टीचा एक हात म्हणजे एक ते दीड मिलिमीटर, दोन हात मिळून फार तर तीन. एवढ्या जाडीत गिलाव्यावरचे वाळूचे कण, बारीक खड्डे, केसासारख्या भेगा झाकल्या जातात, पण भिंतच मधे पोट काढून असेल किंवा कोपरा ओळंब्यात नसेल तर पुट्टी काहीही करू शकत नाही, ती भिंतीच्या पोटाबरोबर पोट काढते. कितीतरी ठिकाणी मालक म्हणतो भिंत सरळ दिसली पाहिजे आणि रंगारी तिसरा चौथा पाचवा हात मारत बसतो, ती जाड झालेली पुट्टी मग तडकते आणि पापुद्र्यासारखी सुटते, आणि दोष पुट्टीच्या कंपनीला जातो. पीओपीचा थर सहा ते बारा मिलिमीटरचा असतो, तो ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीने ओढून लाइनीत आणतात, म्हणून वाकडी भिंत सरळ करायचं काम त्याचंच.

तुमची भिंत वाकडी आहे की नुसती खरखरीत, हे कुणाला विचारायची गरज नाही. रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून धरा म्हणजे प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल. बारीक बारीक ठिपक्यांच्या सावल्या दिसल्या तर तो खरखरीतपणा, पुट्टीचं काम. लांब रुंद लाटांसारखी सावली दिसली तर भिंत वर-खाली आहे. मग पाचसहा फुटी सरळ पट्टी (ॲल्युमिनियमची, पडद्याचा सरळ रॉडसुद्धा चालतो) भिंतीला लावा आणि मागे फट किती राहते बघा. दोनतीन मिलिमीटर असेल तर सोडून द्या, रंग आणि फर्निचर लागल्यावर ते कुणाला दिसत नाही. बोट जाईल एवढी फट असेल तर पीओपीचा विचार करा, तेही सगळ्या घरात नाही, त्याच भिंतीला. विशेषतः जिथे मोठी लांब भिंत आहे, खिडकीतून तिच्यावर तिरपा उजेड पडतो, किंवा जिथे वॉर्डरोब भिंतीला चिकटून बसणार आहे. अलीकडच्या बऱ्याच नव्या इमारतींमध्ये आतून जिप्सम प्लास्टर आधीच केलेलं असतं, तिथे भिंती मुळातच सरळ असतात आणि वरून पीओपी करून घेणं म्हणजे शुद्ध वाया खर्च, तो करू नका.

आणि आता पाणी. यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

पीओपीचं नाव काढलं की आपल्याकडे सगळ्यांना पहिल्यांदा गणपतीच्या मूर्ती आठवतात, आणि त्यावरून एक शंका हमखास येते, की पीओपीची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही हीच तर सगळ्यांची तक्रार आहे, शाडूची लगेच विरघळते, मग भिंतीवरच्या पीओपीला पाण्याची भीती कसली? शंका बरोबर आहे. जिप्सम पाण्यात अगदी थोडं विरघळतं, लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम. मूर्ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते ती यामुळे. पण भिंतीचा प्रश्न विरघळण्याचा नाहीच, मऊ पडण्याचा आहे. पूर्ण ओलं झालेलं जिप्सम आपली निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद गमावतं. म्हणजे थर जागेवर दिसतो पण आतून पिठासारखा झालेला असतो, वरचा रंग फुगतो, नखाने दाबलं की खड्डा पडतो, आणि दरवर्षी ओलं-सुकं ओलं-सुकं होत गेलं की पोपडे धरतात. त्यात ओलं जिप्सम लोखंडाला गंज चढवतं, म्हणून आत राहिलेल्या साध्या खिळ्याचा तपकिरी डाग रंगातून बाहेर येतो, कितीही वेळा रंग मारा तो परत येतो.

त्यामुळे बाहेरच्या बाजूला पीओपी कधीच नाही, बाथरूमच्या आत नाही, आणि बाथरूमला लागून जी बेडरूमची भिंत असते तिथेही शक्यतो नाही. किचनच्या सिंकमागे नाही. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येची भिंत, जिच्यावर पाऊस थेट आपटतो, तिच्या आतल्या बाजूलाही नको. कोकणात चिऱ्याच्या जुन्या घरांना ओल खालून, जमिनीतून चढते, तिथे तर भिंतीचा खालचा दोनतीन फुटांचा पट्टा पीओपीपासून लांबच ठेवा. आणि जिथे पीओपी करणारच आहात तिथे कारागिराला सांगा की थर फरशीपर्यंत आणू नको, स्कर्टिंगच्या वर थांबव. लादी पुसताना रोज जे पाणी भिंतीच्या पायथ्याशी जातं ते पीओपी शोषून घेतं आणि वर्षभरात स्कर्टिंगच्या वर एक काळपट रेघ दिसायला लागते.

मग पुट्टी लावली म्हणजे ओल थांबली का? नाही! हे तितकंच महत्त्वाचं आहे. पुट्टी स्वतः पाण्यात टिकते पण ती पाणी अडवत नाही. मागून ओल येत असेल तर पाण्याबरोबर विटांमधले आणि गिलाव्यातले क्षार बाहेर येतात, लोणा लागतो, पुट्टी मागून ढकलली जाऊन सुटते. वॉटरप्रूफ पुट्टी असं लिहिलेली पाकिटं बघून लोक गळक्या भिंतीला तीच मारतात, तर तसं करू नका, आधी गळती शोधा, वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरची भेग, खिडकीची चौकट, पावसाळी पाइपचा जोड. ती बंद झाल्यावर भिंत वाळू द्या, मग पुट्टी. भिंत वाळली का हे कळण्यासाठी फूटभर चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा, आतून दवासारखं पाणी धरलं तर अजून थांबायचं. दिवाळीच्या आधी रंग झालाच पाहिजे म्हणून परतीचा पाऊस थांबायच्या आतच काम सुरू होतं आणि ओल्या भिंती झाकल्या जातात, जमत असेल तर हे काम थंडीत किंवा उन्हाळ्यात काढा, खरंच खूप फरक पडतो.

तुमच्या भिंतीवर आधीपासून काय आहे हे माहीत नसेल (भाड्याच्या किंवा रीसेलच्या घरात ते नसतंच माहीत) तर एक साधी गोष्ट करता येते. कपाटामागे किंवा स्विचबोर्डच्या खाली, जिथे दिसणार नाही तिथे, जुन्या किल्लीने रंग खरवडा. खाली पांढरं लागलं आणि किल्ली सहज आत शिरत जाऊन पाचसात मिलिमीटरपर्यंत पांढरीच भुकटी निघत राहिली तर ते पीओपी किंवा जिप्सम. मिलिमीटर-दोन मिलिमीटरवरच राखाडी सिमेंट लागलं तर पुट्टी. खात्री करायची असेल तर निघालेली भुकटी बशीत घेऊन वर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर त्यात दगडाची भुकटी किंवा चुना आहे, म्हणजे पुट्टी किंवा जुनी सफेदी. जिप्सम शांत पडून राहतं. पीओपीत कधी कधी खडूची भेसळ असते त्यामुळे थोडे बुडबुडे तिथेही दिसू शकतात, म्हणून जाडी आणि लिंबू दोन्ही मिळून निष्कर्ष काढा.

हे कळणं का गरजेचं, तर पीओपीवर थेट सिमेंटवाली पुट्टी मारायची नसते. पीओपी पुट्टीतलं पाणी पटकन ओढून घेतं आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही, शिवाय ओलावा असेल तर जिप्सम आणि सिमेंट यांच्यात प्रक्रिया होऊन मधला थर फुगतो. पीओपी पूर्ण वाळल्यावर प्राइमर, आणि त्यावर हवीच असेल तर डब्यात मिळणारी तयार ॲक्रिलिक पुट्टी पातळ हाताने. सिमेंटवाल्या पुट्टीचं बरोबर उलटं, तिच्याखाली प्राइमर लागत नाही, साध्या सिमेंटच्या गिलाव्यावर भिंत पाण्याने हलकी भिजवून ती थेट लावतात आणि प्राइमर तिच्यावर येतो. काही कारागीर काम लवकर उरकावं म्हणून घमेल्यात पुट्टी आणि पीओपी एकत्र कालवतात, तसं करताना दिसले तर तिथल्या तिथे थांबवा, वाईट वाटून घेऊ नका, घर तुमचं आहे.

दोन्हीतलं काहीही जुन्या ऑइलपेंटवर किंवा सुटत आलेल्या रंगावर धरत नाही. भिंतीवर बोटाने टकटक करा, भदभद आवाज आला तिथला गिलावाच सुटलाय, तो पाडून नवा करावा लागतो. पीओपी करताना जुनी भिंत छिन्नीने खाचा पाडून खरबरीत करून घ्यावी लागते, हे कोटेशनमध्ये लिहिलंय का बघा, आणि थराची जाडी किती तेही लिहून घ्या, कारण नुसतं "पीओपी" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तीनचार मिलिमीटरचा थर ओढून भिंत होती तशीच वाकडी राहते.

पुट्टी मात्र घरच्या घरी एखाद्या खोलीला नक्की करता येते. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, साधारण किलोला 350 ते 400 मिली, आधी पाणी मग पावडर, कालवून दहा मिनिटं ठेवायची, परत कालवायची. पत्र्याने (पुट्टी ओढायच्या रुंद पातीने) पहिला हात खालून वर, तो वाळला की दुसरा, मग बारीक पॉलिश पेपर. घासताना तोंडाला मास्क पाहिजेच, ती धूळ फार बारीक असते. पीओपी स्वतः करायला जाऊ नका, दहा मिनिटांत घट्ट होणाऱ्या मालाने अख्खी भिंत लाइनीत आणणं हे हातात बसलेलं काम आहे.

भाडेकरूंसाठी एवढंच, की घर सोडताना खिळ्यांची आणि स्क्रूची भोकं बुजवायला दोन्ही लागतात. खोल भोकात पुट्टी एकदम ठासली तर ती वाळताना आकसते आणि मधे खळगा पडतो. पीओपी बसताना किंचित फुगतं त्यामुळे भोक घट्ट भरतं, म्हणून भिंत कोरडी असेल तर आधी भोकातली धूळ ब्रशने काढून, थोडं पाणी मारून, चमचाभर पीओपी भरा, भिंतीच्या किंचित आत राहू द्या, आणि ते वाळल्यावर वरून ॲक्रिलिक पुट्टीची छोटी डबी आणून बोटभर लावा. बाथरूमजवळचं भोक असेल तर पीओपी न वापरता पुट्टीच दोनतीनदा थोडी थोडी भरा. आणि नवीन घरात काही टांगताना, भिंतीवर पीओपी असेल तर गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) लांब घ्या, कारण पहिले दहाबारा मिलिमीटर वजन धरत नाहीत, पकड मिळते ती मागच्या विटेत. गीझर, टीव्ही, वरचं किचन कॅबिनेट यांना हे फार जपून करा.